पांढऱ्या पेशींचे नक्की प्रकार किती? आणि एनके सेल कुठल्या रकान्यात?

चौकस चिमणी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, भांडुपहून दादरला कॉलेजला जाते. एका विषयाने डोकं उठवलंय म्हणून हा धागा.

हेमॅटॉलॉजीच्या बाई शिकवतात की पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल या दाणेदार, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट. मोनोसाइट आणि लिम्फोसाइट बिनदाण्यांच्या, म्हणजे अग्रॅन्युलोसाइट. ठीक. मग इम्युनॉलॉजीचे सर येतात आणि फळ्यावर दोनच रकाने आखतात, जन्मजात प्रतिकारशक्ती आणि अर्जित प्रतिकारशक्ती. त्यात मॅक्रोफेज, डेंड्रिटिक सेल, मास्ट सेल असतात, ज्या बाईंच्या पाचात कुठेच नव्हत्या. पुस्तक उघडावं तर तिसराच तक्ता: अस्थिमज्जेतून निघालेल्या दोन फांद्या, मायलॉइड आणि लिम्फॉइड.

एनके सेल (नॅचरल किलर) बाईंच्या हिशेबाने लिम्फोसाइट, म्हणजे बिनदाण्यांची. सरांच्या फळ्यावर ती टी आणि बी पेशींपासून तोडून न्यूट्रोफिलच्या रकान्यात. पुस्तकात ती परत टी आणि बीच्या शेजारी, आणि चित्राखाली लिहिलंय 'लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट'. बिनदाण्यांच्या वर्गातली दाणेदार पेशी? विचारलं तर उत्तर मिळालं, "परीक्षेत पाच लिही." लिहीनच. पण खरं काय?

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:५२

चिमणी, तुझ्या बाई बरोबर आहेत. फक्त पाच हा आकडा रंगाने दिलेला आहे, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हयात गेली माझी. रोजच्या शेकडो स्लाईडी. रंगवल्याशिवाय पांढरी पेशी मायक्रोस्कोपखाली जवळजवळ पारदर्शक दिसते. १८७९च्या सुमारास पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरने कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग रक्ताच्या फिल्मवर टाकून पाहिले आणि पेशींच्या पोटातले दाणे वेगवेगळे रंग धरू लागले. मिथिलिन ब्लू मुळात १८७६चा, कापडासाठीच केलेला रंग. आमच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला याची गंमत वाटते.

इओसिन हा आम्लधर्मी रंग. तो धरणारे दाणे ज्या पेशीत ती इओसिनोफिल: जाड, नारिंगी-लाल दाणे, केंद्रक बहुधा दोन पाळ्यांचं. निळा, आम्लारिधर्मी (बेसिक) रंग धरणारी बेसोफिल: काळपट जांभळे दाणे इतके दाट की केंद्रकच झाकून जातं. शंभर पेशींत एखादी सापडली तर सापडली. आणि दोन्हीकडे फारसा कल नसलेली, बारीक फिकट दाण्यांची, तीन-चार पाळ्यांच्या केंद्रकाची न्यूट्रोफिल. लॅबमध्ये तिला अजून 'पॉली' म्हणतात.

१८९१मध्ये रोमानोव्स्कीने मिथिलिन ब्लू आणि इओसिन एकत्र वापरून मलेरियाचे जंतू रंगवले. त्याच वाटेवर पुढे लिशमन (१९०१), राईट (१९०२), गिम्झा (१९०४) यांची स्टेनं आली. आपल्याकडच्या लॅबमध्ये अजूनही बरंचसं काम लिशमनवर चालतं. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) वाळवायचा, स्टेन ओतून दोन मिनिटं थांबायचं (त्यातल्या मिथेनॉलने पेशी काचेला धरतात), मग दुप्पट बफर घालून सात-आठ मिनिटं. बफरचा पीएच ६.८ हवा. लहान लॅबमध्ये पोरं नळाचं पाणी घालतात आणि मग सगळी स्लाईड निळी होते. इओसिनोफिलचे नारिंगी दाणेसुद्धा करडे दिसतात आणि साहेब विचारतात, "अरे, आज इओसिनोफिल संपावर आहेत का?"

मोनोसाइटला बिनदाण्यांची म्हणतात ते सवयीने. चांगल्या स्टेनमध्ये तिच्या करड्या-निळ्या अंगात धुळीसारखे बारीक दाणे दिसतातच. एर्लिखच्या रंगात ठळक दिसणारे दाणे नाहीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ धर.

लोअर परळ लोकल | सोमवार, रात्री १०:१५

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कोळणीकडे जाऊन बघा. तिच्या पाटीत सुरमई, कोलंबी, तिसऱ्या, सगळी 'मासळी'च. प्राणिशास्त्रवाला म्हणेल कोलंबी खेकड्याच्या नात्यातली आणि तिसऱ्या गोगलगाईच्या. आणि माझी आई काटेरी आणि बिनकाटेरी असे दोनच प्रकार मानते. तिघांपैकी चुकलं कोण? चिमणीच्या तीन तक्त्यांचं तसंच दिसतंय.

डॉ. सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११:०५

काचपट्टी यांनी रंगाची बाजू सांगितली. सरांचे दोन रकाने कामाच्या बाजूने येतात, आणि त्यांचा एक धागा थेट आपल्या परळला जोडलेला आहे.

१८८२. सिसिलीतलं मेसिना. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या. त्यातून 'भक्षक पेशी' ही कल्पना आली: परकं काही दिसलं की गिळणाऱ्या पेशी. मोठ्या भक्षक आणि छोट्या भक्षक अशी विभागणीही त्याचीच. मोठ्या म्हणजे मॅक्रोफेज, छोट्या म्हणजे आपल्या न्यूट्रोफिल. एर्लिखचा कल दुसरीकडे होता. त्याच्या मते संरक्षणाचं खरं काम रक्तद्रवातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) करतात. दोन्ही गटांत चांगलीच जुंपली होती. नोबेल समितीने १९०८ मध्ये दोघांना मिळून पारितोषिक दिलं. हुशारी!

मेचनिकॉफ ओडेसाला शिकवत असताना वाल्डेमार हाफकिन त्याचा विद्यार्थी होता. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका कोपऱ्यात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन संस्था. भक्षक पेशींच्या गुरूचा शिष्य, आणि त्याने केलेलं काम प्रतिद्रव्यं तयार करायला लावणारं. म्हणजे सरांचे दोन्ही रकाने एकाच गुरुशिष्यात.

आता जन्मजात आणि अर्जित यांतला फरक. न्यूट्रोफिलकडे जंतू ओळखायचे ठरावीक, आईबापांकडून आलेले ग्राहक (रिसेप्टर) असतात. प्रत्येक न्यूट्रोफिलकडे तेच. टी आणि बी पेशी मात्र वाढताना स्वतःच्या ग्राहकाच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडतात, त्यामुळे प्रत्येकीचा ग्राहक जवळपास निराळा. लाखोंतली एखादी नेमकी जुळते, ती वाढते, आणि तिच्या काही वारसदार पुढच्या वेळेसाठी मागे राहतात. लस याच आठवणीवर चालते.

एनके पेशी हे कापणं-जोडणं करत नाही. ती समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग १ची प्रथिनं (पेशीचं ओळखपत्रच म्हणा) आहेत का ते चाचपते. विषाणूने किंवा कर्करोगाने ती लपवली असतील, वर पेशी ताणाखाली असल्याच्या खुणा असतील, तर स्वतःच्या दाण्यांतली परफोरिन आणि ग्रॅन्झाइम सोडून तिला मारते. म्हणून कामाने जन्मजात, कुळाने लिम्फॉइड, आणि स्लाईडवर एक मोठी लिम्फोसाइट जिच्या अंगात थोडे जांभळट दाणे दिसतात. तिन्ही तक्ते आपापल्या प्रश्नाला खरं उत्तर देतात.

आजीचा बटवा | मंगळवार, सकाळी ७:३०

छान माहिती. गुळवेलीचा काढा रोज घेतल्याने यातल्या कुठल्या पेशी वाढतात? आमच्याकडे पावसाळाभर घेतात.

डॉ. सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८:२०

पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली असं नसतं. स्टेरॉइड घेतल्यावर न्यूट्रोफिलचा आकडा चढतो, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी प्रवाहात सुटतात. त्याच वेळी इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट उतरतात आणि प्रतिकार एकूण दबतो. मुंबई मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाचं लगेच रक्त घेतलं तर तोही आकडा वर दिसेल. त्याला जंतुसंसर्ग झालेला नसतो.

गुळवेलीबद्दल एवढंच: २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांमधल्या यकृताच्या इजेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे माझं मत. पुढची चर्चा वेगळ्या धाग्यावर करूया, नाहीतर हा धागा काढ्यात बुडेल.

खारघरचा खंड्या | मंगळवार, दुपारी १:४०

उशिरा येतोय. मी रोज फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीवरच्या खुणा वाचणारं मशीन) बसतो, त्यामुळे चौथा तक्ता माझ्याकडून.

काचपट्टीकाकांना एक गुगली: स्लाईडवर टी पेशी आणि बी पेशी ओळखून दाखवा. नाही येत. दोन्ही दिसायला सारख्याच, गोल घट्ट केंद्रक आणि भोवती निळसर कडा. त्या निराळ्या आहेत हे कळलं ते काहीतरी काढून टाकल्यावर. १९५६मध्ये ब्रूस ग्लिकने कोंबडीच्या पिल्लांच्या शेपटीजवळची एक पिशवी काढली आणि त्या कोंबड्या प्रतिद्रव्यं करेनाशा झाल्या. मोठ्या नियतकालिकाने हा लेख नाकारला, म्हणून तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला आणि बराच काळ कुणी वाचलाच नाही. १९६१मध्ये जॅक मिलरने नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली, तर लिम्फोसाइट घटल्या आणि परक्या कातडीचा तुकडाही ते उंदीर नाकारेनात. म्हणजे एकाच चेहऱ्याच्या दोन जाती, वेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या. माणसाला ती पिशवी नसते, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

मग १९७५मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिद्रव्यं करायची रीत काढली. जगभर जो तो आपापल्या प्रतिद्रव्याला आपापलं नाव देऊ लागला. गोंधळ निस्तरायला १९८२मध्ये पॅरिसला बैठक झाली आणि सीडी क्रमांक आले, म्हणजे पेशीवरच्या खुणांना ठरवून दिलेले नंबर. सगळ्या टी पेशींवर सीडी३. मदतनीस टीवर सीडी४, मारेकरी टीवर सीडी८. बी पेशींवर सीडी१९ आणि सीडी२०. एनके म्हणजे सीडी३ नाही, सीडी५६ आहे. चिमणी, तुझ्या एनकेची ओळख आमच्याकडे एका ओळीत संपते.

मदतनीसांमध्येही पोटजाती आहेत, आणि सगळ्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशीही आहेत. शिमॉन साकागुची यांनी १९९५मध्ये त्या दाखवल्या तेव्हा बहुतेकांनी नाकं मुरडली होती. २०२५चं वैद्यकाचं नोबेल त्यांना, मेरी ब्रुंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच कामासाठी मिळालं.

अर्धवटराव | मंगळवार, दुपारी ३:०५

मग सरळ आहे. एर्लिखबाबाचा पाचाचा तक्ता मोडीत काढा. खंड्यांकडे खरं वर्गीकरण असताना पोरांना दाणे आणि बिनदाणे कशाला शिकवायचं?

खारघरचा खंड्या | मंगळवार, दुपारी ४:२०

थांबा, माझा तक्ताही इतका पोलादी नाही. मॅक्रोफेजचंच घ्या. आम्ही शिकलो की रक्तातली मोनोसाइट ऊतीत शिरली की मॅक्रोफेज होते. व्रणाच्या जागी, सुजलेल्या जागी ते खरं आहे. पण मेंदूतल्या मायक्रोग्लिया, यकृतातल्या कुफर पेशी यांचा बराचसा साठा गर्भावस्थेतच तिथे जाऊन बसलेला असतो आणि तिथल्या तिथे वाढतो. त्यातल्या मायक्रोग्लिया तर अस्थिमज्जा तयार होण्याआधीच्या, गर्भाच्या पीतक पिशवीतल्या (योक सॅक). मग पुस्तकातल्या झाडाच्या कुठल्या फांदीवर लटकवणार? डेंड्रिटिक पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३मध्ये दाखवल्या. त्यातल्या प्लाझ्मासायटॉइड नावाच्या मायलॉइड की लिम्फॉइड, यावर अजून वाद घालता येतो. आता एकेका पेशीतला आरएनए वाचायची सोय झालीय, आणि काही ठिकाणी वेगळे प्रकार संपून नुसती चढण-उतरण दिसते. रेघ कुठे मारायची ते आपणच ठरवतो.

पण रेघ मारल्याने जीव वाचतो, हेही सांगतो. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधनातून आलेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. एप्रिल २०२४मध्ये पवईला राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना सीडी१९ ओळखणारा कृत्रिम ग्राहक द्यायचा, वाढवून परत शिरेतून सोडायच्या. बी पेशींच्या ल्युकेमियात आणि लिम्फोमात त्या पेशी सीडी१९ दिसेल तिथे मारत सुटतात. चांगल्या बी पेशींवरही सीडी१९ असतं, त्याही जातात, आणि काही रुग्णांना मग बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. तरी प्रतिद्रव्यांचा जुना साठा एकदम संपत नाही, कारण ती स्रवणाऱ्या बऱ्याचशा जुन्या प्लाझ्मा पेशींनी सीडी१९ केव्हाच टाकलेलं असतं. कुठली खूण कुठल्या टप्प्यावर येते आणि जाते, यावरच हे औषध उभं आहे. इथे 'लिम्फोसाइट' एवढं म्हणून भागणार नाही.

काचपट्टी | मंगळवार, रात्री ८:४५

अर्धवटराव, मोडीत काढायच्या आधी एकदा जुलैमध्ये कुठल्याही सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला या.

समोर तापाच्या रुग्णांची रांग. फ्लो सायटोमीटर लावायचा कुणाला? एक स्लाईड, थोडं स्टेन, दहा-पंधरा मिनिटं. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, आणि लिम्फोसाइट अशा की निळं अंग पसरून शेजारच्या लाल पेशीला मिठी मारतात, तर माझं मन आधी डेंग्यूकडे जातं. न्यूट्रोफिल चढलेल्या, त्यात बँड पेशी (पुरत्या न पिकलेल्या न्यूट्रोफिल) आणि जाड काळपट दाणे, आणि माणूस म्हणतो साचलेल्या पाण्यातून चालत आलो, तर लेप्टो डोक्यात ठेवून साहेबांना उठवायचं. मोनोसाइटच्या पोटात तपकिरी-काळा कण दिसला तर तो बहुधा मलेरियाच्या जंतूने मागे टाकलेला, मग जंतू सापडेपर्यंत स्लाईड सोडायची नाही. निदान यावर होत नाही, चाचण्या वेगळ्या असतात. पण रात्री दोन वाजता कुणाकडे आधी धावायचं ते हे पाच प्रकार सांगतात.

आणखी एक. न्यूट्रोफिलला सहा पाळ्या दिसल्या किंवा पाच पाळ्यांच्या जास्त दिसू लागल्या तर बी१२ तपासा. शाकाहारी घरांतून हे खूप पाहिलंय. हे खंड्याच्या मशीनला विचारलं तर ते गप्प बसेल.

खारघरचा खंड्या | मंगळवार, रात्री ९:०२

मान्य. मशीन गप्पच बसेल.

डॉ. सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ९:४०

काका म्हणतात त्यात माझी एक भर. रिपोर्टात टक्के वाचून घाबरू नका, टक्क्यांना एकूण आकड्याने गुणा. एकूण पेशी दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. समजा डेंग्यूत एकूण २,५०० झाल्या आणि लिम्फोसाइट ६० टक्के दिसल्या. ६० वाचून घरचे हबकतात. पण २,५००चे ६० टक्के म्हणजे १,५००, जे मोठ्या माणसासाठी ठीकच आहे. घटल्या आहेत त्या न्यूट्रोफिल. उलट इओसिनोफिल २५ टक्के आणि एकूण १४,००० असतील तर ३,५०० झाल्या, आणि त्यात रात्रीचा कोरडा खोकला, धाप असेल तर फक्त ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नये. हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणारा फुफ्फुसाचा एक आजार असा दिसतो आणि त्यावर औषध आहे.

हाताने शंभरच पेशी मोजल्या की लहान टक्के फार हलतात, हेही ध्यानात ठेवा. शंभरात दोन इओसिनोफिल सापडल्या तर खरा आकडा शून्याच्या जवळपासपासून सातपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे गेल्या महिन्यात २ आणि आता ५ आल्या म्हणून औषध बदलायचं कारण नाही.

लोअर परळ लोकल | बुधवार, सकाळी ९:१५

डॉक्टर, गाडीत उभ्याने टाइप करतोय, चुका पोटात घाला. बाबांचा सीबीसी काल आला. त्यात तुमच्या पाचांपैकी दोनच नावं आहेत. लिम्फ, ग्रॅन, आणि मध्ये 'मिड १४.२'. ही मिड कुठली जात? खंड्याच्या यादीतही नाही.

डॉ. सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी १०:३०

ती जात मशीनची. वॉलेस कोल्टर यांच्या तत्त्वावर (पेटंट १९५३) चालणाऱ्या लहान मशीनमध्ये पेशी एका बारीक छिद्रातून जाते, विजेच्या प्रवाहात अडथळा येतो, आणि अडथळ्यावरून आकारमान कळतं. आधी घातलेल्या द्रावणात पेशी आक्रसतात आणि तीन गठ्ठे पडतात. लहान ते लिम्फ, मोठे ते ग्रॅन, मधले ते मिड. मिडमध्ये बहुतेक मोनोसाइट येतात, पण इओसिनोफिल, बेसोफिल, आणि क्वचित ज्या पेशी रक्तात असायलाच नकोत अशा अपक्व पेशीही तिथेच पडतात. म्हणून मिड वाढलेला दिसला की स्मिअर बघावा. तो निव्वळ मोनोसाइटमुळे वाढलेला असू शकतो आणि ताप उतरल्यावर खालीही येतो. बाबांना ताप, वजन उतरणं, गाठी असं काही आहे का? डॉक्टरांना दाखवाच, इथे निदान होणार नाही.

लोअर परळ लोकल | बुधवार, सकाळी १०:४१

गेल्या आठवड्यात ताप होता, आता नाही. लॅबवाला म्हणतो कालचंच रक्त फ्रिजमध्ये आहे, त्यावर स्मिअर काढून देतो.

काचपट्टी | बुधवार, सकाळी ११:०५

नको. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. रक्त त्यात पडून राहिलं की पेशी फुगतात, मोनोसाइटमध्ये पोकळ्या दिसायला लागतात, न्यूट्रोफिलच्या पाळ्या विस्कटतात. स्मिअर रक्त घेतल्यापासून दोनेक तासांत काढावा. ताजं रक्त द्या, पाच प्रकार मोजणाऱ्या मशीनवर लावायला सांगा, आणि चिठ्ठीवर 'स्मिअर पॅथॉलॉजिस्टने पाहावा' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलं तर विसरतात.